पट्टीसाहेबांची पोचवणी

जीप मिळाली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, असं पट्टीसाहेबांच्या बायकोचं आजही ठाम मत आहे. आणि जीप न मिळण्याचं कारण इतकं गोल होतं की भांडायला धरावं कुठून हेच कळेना.

पट्टीसाहेब नियोजन कचेरीत आरेखक. सव्वीस वर्षं नकाशे काढत आलेले. शर्टाच्या खिशातून कायम पोलादी पट्टी डोकावायची, म्हणून पट्टी. आणि नुसतं पट्टी म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून साहेब. पदानं ते कोणाचेच साहेब नव्हते. आराखडे करणारे खरे अधिकारी लांबच्या रजेवर गेले, आणि ‘डोंगराकडच्या बारा गावांसाठी शाश्वत वाहतूक आराखडा’ ही फाईल या टेबलावरून त्या टेबलावर घरंगळत शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबली. त्यांचं टेबल भिंतीला लागून होतं. पुढं घरंगळायला जागाच नव्हती.

मुदत चाळीस दिवस. पट्टीसाहेबांनी लगेच जीपसाठी अर्ज केला. तो तिसऱ्या दिवशी शेरा घेऊन परत आला : ‘जिथे सार्वजनिक वाहन जात नाही अशाच गावांसाठी जीप मिळेल. वाहन जात नसल्याचा दाखला जोडावा.’

“दाखला कोण देतं?” त्यांनी वाहन विभागाच्या कारकुनाला विचारलं.

“वाहतूक आराखड्याच्या पहिल्या प्रकरणात असतं ते. त्याची प्रत जोडा.”

“अहो, तो आराखडा मीच करणार आहे!”

“मग करा की,” कारकून म्हणाला. “तुम्हाला कोणी अडवलंय?”

ही हकीगत घरी सांगितली ती फक्त बायकोला. पण त्यांच्या इमारतीत एकाला सांगितलेलं सोळा बिऱ्हाडांना कळतं. संध्याकाळपर्यंत सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, आकाशपाळण्यासारखे पाळणे सोडा दोन डोंगरांत. समोरच्या बाई म्हणाल्या, काही करू नका, चालू द्या लोकांना, हृदयाला चांगलं असतं. आणि वरच्या मजल्यावरून व्होल्टकाका स्वतः उतरून आले. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून विजेनं न चालणारी प्रत्येक गोष्ट ते स्वतःचा अपमान समजत.

“शाश्वत वाहतुकीचा आराखडा करायला डिझेल जाळत जाणार होतात?” ते म्हणाले. “बरं झालं जीप मिळाली नाही. माझी सायकल न्या.”

व्होल्टकाकांनी बाल्कनीत बसून बॅटरीची सायकल बनवली होती. दिसायला ती सायकलीनं एखादा मिक्सर गिळल्यासारखी होती. एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर, अशी त्यांनी छातीवर हात ठेवून हमी दिली. ते साठ किलोमीटर सायकल स्टँडवर उभी करून, चाक हवेत फिरवून मोजले होते, हा तपशील त्या वेळी त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

शहरातून बस जायची ती फाट्यापर्यंत. फाट्यावर एक पंक्चरचं दुकान, एक झाड आणि पुढं बारा गावं. पट्टीसाहेब टपावरून सायकल उतरवून घेत होते, तोच दुकानातल्या काकू ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता म्हणाल्या, “या पट्टीसाहेब.”

पट्टीसाहेब दचकले. या भागात ते जन्मात पहिल्यांदा येत होते.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात?” म्हणून काकूंनी ट्यूबमधला बुडबुडा पकडला.

सर्वेक्षणाचा छापील फॉर्म कचेरीनं दिला होता. त्यातला चौथा प्रश्न : ‘आपण शहरात कसे जाता? (अ) बसने (ब) स्वतःच्या वाहनाने (क) चालत (ड) जात नाही.’ पहिल्या गावातल्या पहिल्या माणसानं उत्तर दिलं, “दुधाच्या गाडीनं.”

दुधाची गाडी चारही पर्यायांत बसेना. पट्टीसाहेबांनी समासात लिहून घेतलं.

“किती वाजता निघते ती?”

“शाळेच्या बाई आल्या की.”

“बाईंचा आणि दुधाचा काय संबंध?”

“दूधवाल्याची लेक शाळेत आहे. तिला बाईंच्या हवाली केल्याशिवाय तो गाडी कशी हलवेल? घरात दुसरं कोणी नाही त्याच्या.”

हे पटण्यासारखं होतं. बाई कशा येतात याची चौकशी केली, तर त्या नर्सबाईंच्या स्कूटरवरून येत. नर्सबाई केव्हा निघतात? तर ट्रॅक्टरवाल्यानं नाला ओलांडला की. त्याच्या चाकाला किती पाणी लागलं ते बघूनच त्या स्कूटर घालत. आणि ट्रॅक्टरवाला? त्याला तीन दिवसांनी गाठला तेव्हा तो म्हणाला, “रस्ता अरुंद आहे साहेब. दुधाची गाडी जाऊ देतो, मग निघतो.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर पट्टीसाहेबांनी टेबलावर कागद पसरून बाण काढले. दुधाची गाडी बाईंसाठी थांबलेली, बाई नर्ससाठी, नर्स ट्रॅक्टरसाठी आणि ट्रॅक्टर दुधाच्या गाडीसाठी. त्यांनी पट्टी लावून बाण तपासले. बाण बरोबर होते. या हिशेबानं त्या भागात गेली कित्येक वर्षं कोणीही जागचं हललेलं नसायला हवं होतं.

“यात सुरुवात कुठं आहे?” ते स्वतःशीच म्हणाले.

बायको टेबल पुसायला आली होती. कागद उचलल्याशिवाय पुसता येईना, म्हणून तिनं तो वाचला. “आपलं घर सकाळी कुठून सुरू होतं सांगा बघू,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मी उठते तुमच्या डब्यासाठी. तुम्ही उठता माझ्या भांड्यांच्या आवाजानं. मला जाग येते तुम्ही कूस बदललीत की. सांगा, सुरुवात कुठं आहे? आणि कोपर उचला.”

पट्टीसाहेबांनी कोपर उचललं. मग त्यांनी ठरवलं की प्रत्यक्ष बघायचं. पंक्चरवाल्या काकूंनी त्यांना एक रात्र दुकानामागच्या खोलीत झोपायला जागा दिली आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते नाल्याकाठच्या दगडावर फॉर्म मांडीवर घेऊन बसले.

मग जे झालं ते त्यांना नीट टिपता आलं नाही. लांब वळणापलीकडं एक इंजिन खोकललं. त्याबरोबर वरच्या गावात दुसरं सुरू झालं. ट्रॅक्टर उतारानं आला तो दुधाची गाडी समोर दिसण्याआधीच बाजूला घेऊन उभा राहिला, आणि गाडी त्या जागी पोचली ती वेग कमी न करता. ट्रॅक्टर पाण्यात शिरला तेव्हा स्कूटर काठावर हजर होती. मागं बसलेल्या बाई उतरल्यासुद्धा नाहीत, नुसते पाय वर घेतले. दूधवाल्याची लेक दप्तर पाठीला लावून शाळेच्या पायरीवर उभी होती, आणि तिचा बाप गाडी वळवताना आरशात बघत होता. बाईंचा हात तिच्या डोक्यावर पडला तेव्हा कुठं त्यानं गिअर बदलला. कोणी हॉर्न वाजवला नाही. कोणी घड्याळ बघितलं नाही. एकानं दुसऱ्याच्या भरवशावर थोडं आधीच निघायचं, एवढंच दिसत होतं. पण पहिला आवाज कोणाच्या इंजिनाचा होता, हे पट्टीसाहेबांना तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

ते बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसून राहिले. फॉर्म कोराच राहिला.

एवढ्यावर समाधान मानून परतले असते तर ठीक होतं. पण अकरा गावं झाली होती, बारावं राहिलं होतं, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकही नकाशा अपुरा सोडला नव्हता. बारावं गाव म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची सात घरं. पट्टीसाहेब सायकलवर बसले. पहिल्या चढावर सायकल गुणगुणली, दुसऱ्या चढावर कण्हली आणि तिसऱ्याच्या ऐन मध्यावर तिनं प्राण सोडला. काट्यावर एकोणीस किलोमीटर दिसत होते. पट्टीसाहेब उतरायला गेले, सायकल मागं घसरली, बॅटरीचं धूड त्यांच्या अंगावर कललं आणि उजवा पाय दोन दगडांमध्ये असा काही वळला की त्यांच्या तोंडून कचेरीत कधीही न वापरलेला शब्द गेला.

वर मधाच्या पेट्या सांभाळणारी एक बाई होती. ती जाळीची टोपी मागं सारत खाली आली, पाय बघितला, आणि पलीकडच्या उताराकडं तोंड करून ओरडली, “पट्टीसाहेब पडले!”

“अहो, ओरडता कशाला?” पट्टीसाहेब कळवळून म्हणाले. पायापेक्षा त्यांना हेच जास्त लागलं. नियोजन कचेरीचा माणूस वाहतुकीचा अभ्यास करताना वाहनावरून पडला, ही बातमी दरीभर घुमत गेली. “मी येईन चालत हळूहळू.”

“हो, या ना,” मधवाली म्हणाली, आणि एकचाकी हातगाडी घेऊन आली. तिचा दीर मागून दोर धरून होता. रिकाम्या पोत्यांवर बसवून, गुडघे हनुवटीला लावून, पट्टीसाहेबांना त्यांनी उतारावरून खाली आणलं. त्यांनी पट्टी हातात घट्ट धरली होती, का ते त्यांनाच ठाऊक. वाटेत मधवालीनं त्यांच्या मांडीवर दोन बरण्या ठेवल्या. “फाट्यावर द्या. नाहीतरी जाताच आहात.”

खाली नाल्यापाशी ट्रॅक्टर उभा होता. मागं ट्रॉलीत गवत. दोघांनी उचलून त्यांना गवतावर ठेवलं, एखादं काचेचं कपाट ठेवावं तसं. ट्रॉली हलली आणि पट्टीसाहेब आडवे झाले. वर आभाळ, खाली मऊ गवत. ज्या रस्त्याला त्यांच्या नकाशात तुटक रेघ होती, तो त्यांना एकही धक्का न देता पुढं नेत होता. कारण ट्रॅक्टरवाला एरवी ज्या खड्ड्यांवरून दणकत जायचा त्यातला प्रत्येक आज वळसा घालून चुकवत होता.

पलीकडच्या काठावर नर्सबाई बँडेज उलगडूनच बसल्या होत्या.

“तुम्हाला कोणी कळवलं?” पट्टीसाहेबांनी विचारलं. इथं फोनला रेंज नसते हे त्यांनी फॉर्ममध्ये लाल शाईनं लिहिलं होतं.

“कळवायला कशाला हवं?” पाय बांधता बांधता त्या म्हणाल्या. “ट्रॅक्टर नाल्याशी थांबलेला दिसला. या वेळेला तो थांबत नाही. म्हणजे कोणीतरी आहे. हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय. कण्हायचं असेल तर कण्हा, लाजू नका.”

पट्टीसाहेब कण्हले. बरं वाटलं.

सकाळची शहराची फेरी आटोपलेली दुधाची गाडी आली ती रिकाम्या कॅनच्या मधोमध त्यांच्या मापाची जागा करूनच. शेजारी एक म्हातारेबुवा बसले होते, त्यांनी न बोलता आपला कोट घडी करून पायाखाली दिला. चौकशीअंती कळलं की आजोबा शहरात जाणारच नव्हते. कॅन अंगावर येऊ नयेत म्हणून फाट्यापर्यंत धरून बसायला आले होते. “मग परत कसे जाणार?” पट्टीसाहेबांनी काळजीनं विचारलं. आजोबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू परत कसं जायचं हा प्रश्न आयुष्यात प्रथमच कोणी त्यांना विचारत होतं.

फाट्यावर पंक्चरवाल्या काकूंनी मधाच्या बरण्या घेतल्या आणि चहा समोर ठेवला. त्यांच्या दुकानाला टेकून व्होल्टकाकांची सायकल उभी होती. धुतलेली, चेन बसवलेली, तारेनं चार्जिंगला लावलेली. ती डोंगरावर पडलेली पट्टीसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, आणि वाटेत कोणीही त्यांच्या पुढं गेलेलं नव्हतं.

“ही कधी आली?”

“मघाशीच. पायवाटेनं आणली कोणीतरी.”

“कोणी?”

“आता ते कसं सांगू? तिघाचौघांनी मिळून आणली असेल.”

शहरातून सकाळी पाव पोचवून परत जाणारी गाडी वीस मिनिटं त्यांच्यासाठी थांबलेली होती. पाववाल्यानं फळ्या काढून सायकलीला एक आणि साहेबांना एक अशी जागा केली. पावाच्या ऊबदार वासात बसून, पाय आजोबांच्या कोटावर ठेवून, ते शहरात शिरले. सिग्नलवर मोठमोठ्या गाड्यांत एकेक माणूस बसलेला दिसत होता. पट्टीसाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना त्या लोकांची थोडी दयाच आली.

पाववाल्यानं त्यांना खांद्याचा आधार देऊन तीन जिने चढवले. दारात बायको गरम पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती. तिला कसं कळलं हे विचारायचं आता त्यांच्यात त्राण नव्हतं. मागं व्होल्टकाका उभे होते.

“सायकल कशी आहे?” त्यांनी विचारलं.

पाय सुजून भोपळा झालेला, त्यामुळं घरी बसून पट्टीसाहेबांनी नकाशा काढला. नऊ दिवस. दुधाची गाडी निळी, स्कूटर हिरवी, ट्रॅक्टर तांबडा. पावाची गाडी, हातगाडी, पायवाटा. कोण कुठं कोणाला कोणाच्या हवाली करतं त्या प्रत्येक जागी एक बारीक गोल. गोल पंचावन्न झाले. सव्वीस वर्षांत त्यांनी पूल, धरणं, वसाहती काढल्या होत्या, पण इतकं सुंदर काही काढलं नव्हतं. बायको रोज त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वतःची साडी पसरून ठेवायची.

आणि दहाव्या दिवशी लंगडत कचेरीत गेल्यावर मोठ्या साहेबांनी त्यांना सहज सांगितलं, “पहिल्या प्रकरणात सध्याची वाहतूक सविस्तर येऊ द्या. मालवाहू गाड्यांतून माणसं नेत असतील तर तेही. वाहन, मालक, वेळ. आपण पुढं कळवू म्हणजे कारवाई होईल. शेवटी नियम आहेत.”

पट्टीसाहेब जागच्या जागी थिजले. नकाशा पिशवीत होता. तो टेबलावर ठेवायचा एवढंच काम होतं. खरं ते काढायचं, हीच त्यांची उभ्या आयुष्याची नोकरी. आणि खरं काढून दिलं तर महिनाभरात त्या नाल्यावर एक इंजिन सुरू होणार नाही.

“थोडं तपासायचं राहिलंय,” ते म्हणाले. कचेरीत बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. त्यांचे कान लाल झाले.

नकाशा घेऊन ते फाट्यावर गेले. काकूंच्या दुकानात दूधवाला, नर्सबाई, शाळेच्या बाई, ट्रॅक्टरवाला जमले. त्यांनी तो टायरांच्या ढिगावर पसरला. दूधवाला निळ्या रेघेवरून न टेकवता बोट फिरवत गेला. बाईंनी शाळेपाशी वाकून स्वतःचा गोल शोधला.

“हे सगळं आपण आहोत?” ट्रॅक्टरवाल्यानं हळूच विचारलं. त्याला फक्त त्याचा नाला ठाऊक होता. बाकीचं त्यानंही कधी बघितलं नव्हतं.

पट्टीसाहेबांनी मग अडचण सांगितली. हे दिलं तर तुम्ही अडचणीत, न दिलं तर माझा आराखडा कोरा. नाहीतर सरळ बॅटरीची मिनीबस मागतो, पक्क्या वेळापत्रकाची.

“वेळ लिहू नका साहेब,” दूधवाला घाईनं म्हणाला. “वेळ लिहिलीत की उशीर सुरू होईल. आत्ता इथं कोणालाच उशीर होत नाही.”

“मग तुम्हाला काय हवंय?”

हे आजवर कोणी विचारलं नसावं. फॉर्ममध्येही तो प्रश्न नव्हता. शेवटी शाळेच्या बाई म्हणाल्या, “बसायला काहीतरी. वाट बघताना उभं राहून पाय दुखतात.”

“आणि वर छप्पर,” काकू म्हणाल्या. “आणि इथं एक दिवा.”

“नाल्यात पाणी मोजायचा खांब लावू,” पट्टीसाहेबांना उत्साह आला. “मग नर्सबाईंना ट्रॅक्टरसाठी थांबायला नको.”

“खांब लावा,” नर्सबाई म्हणाल्या. “पण मी थांबणारच. ह्याचं ब्लडप्रेशर मला तेवढ्याच वेळात बघायला मिळतं. एरवी दवाखान्यात पाय ठेवेल तर शपथ.”

ट्रॅक्टरवाला नकाशात जास्तच लक्ष घालू लागला.

नकाशा काकूंनी ठेवून घेतला आणि मागच्या खोलीत, बाहेरच्या कोणाला दिसणार नाही अशा भिंतीवर लावला. कचेरीत गेली ती दीड पानं : चौदा बाक छपरासह, एक दिवा, एक खांब. पहिल्या प्रकरणात एकच वाक्य होतं, ‘लोक एकमेकांना पोचवतात.’ मोठ्या साहेबांनी पान उलटून पाहिलं, मागं काही नाही हे बघून पुन्हा सुलटं केलं.

“हा आराखडा आहे की सुताराला द्यायची यादी? यात वाहन कुठं आहे?”

“वाहनं आहेत साहेब,” पट्टीसाहेब म्हणाले. “बाक नाहीत.”

दीड पानाचा आराखडा ठेवायला कचेरीत योग्य आकाराची फाईलच नव्हती. म्हणून शिपायानं तो किरकोळ दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात खुपसला. भव्य योजनांवर समितीत वर्षानुवर्षं चर्चा चालते. किरकोळ दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीआधी एका दमात मंजूर होतात. एका फुटलेल्या पाइपाच्या आणि दोन खिडक्यांच्या मधे बारा गावांचा शाश्वत वाहतूक आराखडा मंजूर झाला, आणि हे समितीतल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही.

बाक बसून महिना झाला असेल. पट्टीसाहेब संध्याकाळी कचेरीतून आले तर बायको घाईघाईनं चपला घालत होती. हातात पत्र्याची छोटी डबी.

“कुठं निघालीस?”

“दातांच्या डॉक्टरांकडं. साडेसहाला बंद करतात ते.”

“दात दुखतोय?”

“माझे नाहीत हो. डोंगरावरच्या कोण्या आजोबांची कवळी आहे. मोडलीय. सकाळी पाववाला देऊन गेला, दुरुस्त करून उद्या त्याच्याकडंच द्यायचीय. आठवड्यात तिसरी वस्तू. परवा कोणाचा चष्मा होता.” ती एका पायात चप्पल घालून थांबली. “तुम्हाला सांगायचं राहिलं. त्यांना आपलं घर माहीत झालंय ना, तुम्हाला सोडलं तेव्हापासून.”

पट्टीसाहेबांनी डबी हातात घेतली. झाकण जरा उघडलं. आत कापसावर एका अनोळखी माणसाचे दात शांतपणे पडले होते. हातगाडी, ट्रॉली, स्कूटर, कॅन, पावाच्या फळ्या, आणि आता तीन जिन्यांवरचं त्यांचं घर.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वीस झाले होते.

“तू राहू दे,” ते म्हणाले, आणि सव्वीस वर्षं जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजून उतरणारे पट्टीसाहेब डबी दोन्ही हातांत छातीशी धरून, दुखऱ्या पायानं, दोन दोन पायऱ्या टाकत खाली धावत सुटले.